सासुरवाडीचा कोट

माझ्यावर एक पुस्तिका निघणार आहे. आमच्या दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीतली तरुण मंडळी गेल्या महिन्यात तिचा कच्चा छाप घेऊन घरी आली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की, माझ्या दोऱ्यावरची एकही गाठ खोटी नाही आणि माझा दोरा आजवर कधी तुटला नाही. मी चष्मा काढून ठेवला. पोरांना वाटलं, म्हातारा गहिवरला. एकानं पाणी आणून दिलं. मी पाणी प्यालो आणि काहीच बोललो नाही. गप्प बसायची मला जुनी सवय आहे.

माझ्या दोऱ्यावरची एक गाठ खोटी आहे. त्या गाठीपायी एका माणसाची बायको आणि मुलगी त्याला कायमच्या अंतरल्या. तो माणूस गेला, ज्यांनी ते पाहिलं तेही बहुतेक गेले. आता मी सांगितलं नाही तर पुस्तिकेतलंच खरं ठरेल.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या मार्शल लॉच्या आधीची. सोलापूर तेव्हा गिरणीच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. मी साचेखात्यात दोन साचे, म्हणजे यंत्रमाग, चालवायचो. वय अठ्ठावीस, लग्न झालेलं नाही, घरी एकटी आई. पगाराच्या दिवशी ती पुढच्या फाटकाशी उभी राहायची आणि मी मागच्या फाटकानं गुत्त्यावर जायचो. ती अंधार पडेपर्यंत उभी असायची हे मला ठाऊक होतं.

आमच्या खात्यात बॉबिनी पोचवणारा एक जण होता, माझ्याच वयाचा. पूर्वी तोही साचे चालवायचा. एकदा पिऊन कामावर आला आणि उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट साच्याच्या पट्ट्यात गेलं. तेव्हापासून तो खांद्यावर टोपली घेऊन फिरायचा. चहाचा पेला असो की पाण्याचा तांब्या, सगळं डाव्या हातानं उचलायचा.

एके सकाळी मी नशा न उतरताच साच्यावर वाकलो. सदऱ्याची बाही पट्ट्याकडे ओढली जात होती आणि मला कळत नव्हतं. त्यानं टोपली टाकली आणि मला मानगुटीला धरून मागं खेचलं.

"माझी दोन गेली," तो म्हणाला. "तुझी किती घालवायचीत?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय! पण तुझं डोस्कंच जाईल बघ पट्ट्यात. तसा त्याचा काही उपयोग दिसत न्हाई म्हणा."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "रविवारी दुपारी ये माझ्यासंगं. लांब न्हाई."

"कीर्तन हाय का?"

"कीर्तन कसलं! समदे दारुडेच हायती. तुला परकं वाटायचं न्हाई."

अशा रीतीनं मी त्या खोलीत गेलो. खोली एका म्हाताऱ्या तेलुगू विणकराची होती. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. एका बाजूला खड्ड्यातला हातमाग, रविवार म्हणून बंद. दुसऱ्या बाजूला घोंगड्या अंथरून दहा-बारा माणसं बसलेली. भिंतीवर ओळीनं खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर सुताचा एकेक जाड दोरा लोंबत होता. दोऱ्यांना गाठी होत्या. कुणाच्या दोऱ्याला तीन, कुणाच्या दोऱ्याला एवढ्या की मोजवत नव्हत्या. गावातले लोक या मंडळींना चिडवून 'गाठीवाले' म्हणायचे.

त्या दिवशी एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, त्याचे वडील वारले तेव्हा तिरडीचे बांबू आणायला घरच्यांनी त्याला पाठवलं. वाटेत गुत्ता होता. तो तिथं बसला तो संध्याकाळपर्यंत. शेजाऱ्यांनी दुसरीकडून बांबू आणून प्रेत नेलं, आणि त्याच्या धाकट्या भावानं अग्नी दिला. हे त्यानं सरळ आवाजात सांगितलं आणि खाली बसला.

मी हबकून गेलो. माणूस असलं काही चारचौघांत बोलतो, हेच मला माहीत नव्हतं. आता याला हाकलतील, निदान कुणी तरी थुंकेल, असं वाटलं. कुणी थुंकलं नाही. कोपऱ्यातला एक जण नुसतं म्हणाला, "माझंबी असंच, पण आई." मग अण्णांनी विचारलं, "ह्या आठवड्यात?" तो म्हणाला, "न्हाई घेतली." उठला, भिंतीशी गेला आणि आपल्या दोऱ्याला एक गाठ मारून आला. बस, एवढंच.

नियम तीन होते. आठवडा कोरडा गेला की आपल्या हातानं गाठ मारायची. घेतली असेल तर आपल्याच हातानं दोरा कापायचा आणि नवा बांधायचा. "सोलापुरात सुताला काय तोटा हाय?" अण्णा म्हणायचे. "दोरा पायजे तेवढा घेऊन जा, खोटी गाठ तेवढी नको." आणि तिसरा नियम, अण्णांच्या लेखी सगळ्यांत मोठा: इथं फक्त स्वतःचं सांगायचं. दुसऱ्यानं घेतलेली पाहिली तरी त्याचं नाव काढायचं नाही. ते त्याचं त्यानं बोलायचं.

पहिल्या महिन्यात मी दोनदा दोरा कापला. मग तो टिकला. आईनं पुढच्या फाटकाशी उभं राहणं सोडलं. खोली झाडणं, घोंगड्या अंथरणं, वाती कापायची कात्री खिळ्यावर टांगून ठेवणं ही कामं माझ्याकडे आली.

माझ्या दोस्ताचा दोरा लांब होता. अंगठा नसल्यानं तो डाव्या हातानं आणि दातानं गाठ ओढायचा. त्याच्या गाठी वाकड्या आणि चपट्या व्हायच्या, लांबूनही ओळखू यायच्या. त्या गाठींवर त्याचं सगळं अडकलेलं होतं. बोटं गेली त्या वर्षी त्याचा सासरा वळसंगहून गाडी घेऊन आला होता आणि लेकीला आणि तान्ह्या नातीला घेऊन गेला होता. पुढं मुलगी पाच वर्षांची झाली तरी त्यानं दोघींना पाठवलं नाही. शेवटी यानं बैठकीचं सांगितलं, तेव्हा सासरा म्हणाला, "पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एक खाडा न करता गाठी मारून दाखीव. माझा पोरगा येऊन बघील. मग घेऊन जा दोघींना. तवर तोंड दाखवू नको."

संक्रांत आली तेव्हा त्याच्या बेचाळीस गाठी झाल्या होत्या. पाडव्याला दहा आठवडे उरले होते. माझ्या सव्वीस होत्या.

गड्ड्याची जत्रा भरली, गिरणीला सुटी मिळाली. जत्रेत त्यानं मुलीसाठी परकर-पोलकं घेतलं. स्वतः जायची बंदी, म्हणून मला म्हणाला, "तू जा की. माझा दोस्त म्हणून सांग. पोरीच्या हातात दे अन् ये." थंडी होती आणि माझ्याकडे बरं असं काही नव्हतं. त्यानं आपला कोट काढून माझ्या अंगावर घातला. तो कोट त्याला सासुरवाडीहून लग्नात मिळालेला होता, काळा, जाड. पाठीवर एकदा खिळ्यानं फाटला होता तिथं बायकोनं निळ्या दोऱ्यानं रफू केलेला होता. काळा दोरा घरात नव्हता म्हणे. "सासऱ्याच्या दारात जायचं तर माणसासारखा दिस," तो हसून म्हणाला.

पुडकं काखेत मारून मी अक्कलकोटच्या वाटेनं निघालो. एका बैलगाडीत जागा मिळाली. दुपार कलताना वळसंगच्या अलीकडे गाडीवाल्यानं मला उतरवलं आणि तो आडवाटेनं गेला. ओढ्याकाठी शिंदीची झाडं होती. झाडाखाली शिंदीवाला बसला होता. "बर्री, कुंदर्री," तो कानडीत म्हणाला, आणि त्यानं बसायला गोणपाट पुढं केलं. मला तहान लागली होती. मी स्वतःला सांगितलं, शिंदी म्हणजे दारू नव्हे, झाडाचं पाणीच की. आजही मला हे लिहिताना नवल वाटतं, की सव्वीस आठवडे धरलेलं सगळं एका गोणपाटावर बसेपर्यंत संपलं होतं.

खिशातलं सरलं तेव्हा मी ते पुडकं शिंदीवाल्यापुढं सरकवलं. आत काय आहे ते त्यानं विचारलं. मी म्हणालो, "कापड." त्यानं ते मागं ठेवलं आणि बोळकं भरून दिलं.

वळसंग तिथून हाकेच्या अंतरावर होतं. मी गेलो नाही. ओढ्याकाठीच झोपलो आणि सकाळी परतीची वाट धरली.

दोस्त फाटकाशी वाट बघत होता. "दिलंस?"

"दिलं."

"बसलं का तिला?"

"अगदी अंगाबरोबर," मी म्हणालो. "गिरक्या घेत हुती."

त्यानं कोट परत घेतला, अंगात घातला आणि बटणं लावीत दोनदा विचारलं, "गिरक्या घेत हुती?"

पुढच्या रविवारी आम्ही सगळे बसलो होतो. मी मनात ठरवून गेलो होतो की आज सांगायचं आणि दोरा कापायचा. हे मी स्वतःला सोडवण्यासाठी लिहीत नाही. ठरवलं होतं हे खरं आहे, आणि केलं नाही हेही खरं आहे.

बैठक सुरू व्हायच्या आत दारात एक तरणाबांड शेतकरी उभा राहिला. माझ्या दोस्ताचा मेहुणा. पाडव्याला यायचा तो आत्ताच आला म्हणून दोस्त आनंदानं उठला. "या की पाव्हणं! गाठी बघा, बेचाळीस—"

"गाठी ऱ्हाऊ द्या, दाजी," मेहुणा म्हणाला. "संक्रांतीला वड्याच्या शिंदीखाली कोण बसलं हुतं?"

भिंतीकडे वळलेला दोस्त थांबला.

"मला काय ठावं?" दोस्त म्हणाला.

"तुमाला न्हाई ठावं? मी गाडीतनं येत हुतो. गाडीत बाया हुत्या म्हणून उतरलो न्हाई, न्हाईतर तिथंच धरला असता. पाठमोरा बसून, असं बोळकं वर करून ढोसत हुता की!" त्यानं हात तोंडापर्यंत नेऊन दाखवला. "तोंड न्हाई बघितलं. पण ह्यो कोट बघितला. माझ्या बानं कापड दिलं, मी शिवून घेतला. पाठीवरचा रफू माझ्या बहिणीच्या हातचा. आता मी माझ्या बहिणीचा टाका वळखत न्हाई व्हय?"

त्यानं दोस्ताला खांद्याला धरून वळवलं. काळ्या पाठीवरचा निळा रफू सगळ्यांना दिसला.

त्या खोलीतली सगळी माणसं सुतावर जगणारी होती. कापडाचा तुकडा हातात घेऊन हा कुठल्या मागावरचा, कुणाच्या हातचा, हे सांगणारी. टाका ओळखला म्हणजे माणूस ओळखला, यात कुणाला शंका आली नाही. अण्णांनाही नाही.

"कोट तुझा?" अण्णांनी विचारलं.

"माझाच."

"मग?"

"मी प्यालो न्हाई."

"मग कोटात कोण हुतं? भूत?" एक जण म्हणाला, आणि दोघे-तिघे हसले.

दोस्तानं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी त्याला सगळं कळलं, हे मी त्याच्या तोंडावर पाहिलं. मुलीच्या गिरक्यांचंसुद्धा. तो रागानं बघत नव्हता. वाट बघत होता.

बोललो तर पिण्याचं, पुडक्याचं, थापेचं, सगळं एकदम बाहेर येणार होतं. मी घोंगडीची दशी बोटाला गुंडाळत राहिलो.

"दुसऱ्याचं सांगायचं न्हाई," दोस्त शेवटी अण्णांना म्हणाला. "तुमीच शिकिवलंय. मी माझं सांगतो. मी प्यालो न्हाई."

लोकांना वाटलं, हा नियमाआड लपतोय. गलका झाला. मेहुणा म्हणाला, "हीच का तुमच्या गाठीची इज्जत?" अण्णा दोस्ताला म्हणाले, "काप बाबा. नवा बांध. आमी हाय की."

"मी कापणार न्हाई. कापला तर खोटा ठरीन."

अण्णांनी खिळ्यावरची कात्री काढली आणि माझ्या हातात दिली. "तुझा दोस्त हाय. तू काप. परक्याचा हात नको लागाया."

मी उठलो. भिंतीपर्यंत चार पावलं होती. आजही मला वाटतं, त्या चार पावलांत कुणी तरी मला धरायला हवं होतं. पण धरायचं कुणी, मलाच तर माहीत होतं. मी त्याचा दोरा हातात घेतला. दातानं ओढलेल्या त्या चपट्या गाठी बोटांना लागल्या. मी खिळ्याखाली कात्री लावली आणि कापला. दोरा माझ्या पायावर पडला.

"घरी काय सांगू?" मेहुण्यानं दोस्ताला विचारलं. तो दारातून बाहेर गेला. "बरं," म्हणून मेहुणा निघून गेला.

मग बैठक सुरू झाली. माझी पाळी आली. अण्णांनी विचारलं, "ह्या आठवड्यात?" आणि मी म्हणालो, "न्हाई घेतली." माझ्या दोऱ्याला सत्ताविसावी गाठ मारली. ती पहिल्या ओढीला घट्ट बसली, याचा मला आज जास्त धक्का बसतो.

बाहेर तो कट्ट्यावर बसला होता. म्हणाला, "मला वाटलं, तू कात्री खाली ठेवशील." एवढंच. पुढचे तीन रविवार तो बैठकीच्या वेळी त्याच कट्ट्यावर येऊन बसला. आत आला नाही, मला हाक मारली नाही. मी घोंगड्या झटकायला बाहेर यायचो आणि परत आत जायचो. चौथ्या रविवारी कट्टा रिकामा होता. पाडवा आला आणि गेला. पुढं शहरात धरपकड सुरू झाली, गिरण्या बंद पडल्या, आणि तो हैदराबादकडच्या एका गिरणीत निघून गेला. तिकडेच काही वर्षांनी तापानं वारला. तिकडून परतलेल्या एकानं सांगितलं, तो कधी प्यायचा नाही. होळीला कुणी आग्रह केला तर उठून जायचा.

मीही त्या रविवारनंतर प्यालो नाही. एक थेंबसुद्धा नाही. लोक याला माझा निश्चय म्हणतात. अण्णा गेल्यावर बैठक मी चालवली. शेकडो माणसांना मी सांगितलं, स्वतःचं बोला, खोटी गाठ मारू नका. ते ऐकत आणि रडत. मी मान हलवत असे.

पुस्तिकेचा तो कागद आल्यावर मात्र मला बसवेना. दोस्ताची मुलगी सोलापुरातच असते, हे मला कितीतरी वर्षं माहीत होतं. आता तिलाही नातवंडं आहेत. मी तिच्या घरी गेलो. तिनं चहा दिला. मी तो कागद तिच्यापुढं ठेवला आणि शिंदीपासून कात्रीपर्यंत सगळं सांगितलं.

ती चिडेल, रडेल, असं धरून गेलो होतो. ती म्हणाली, "आईला म्हाईत हुतं, काका."

"काय म्हाईत हुतं?" मी विचारलं.

"तुमचं नाव न्हवतं म्हाईत. पण ते बाबा न्हवते हे म्हाईत हुतं. मामा तिकडनं येऊन सांगाय लागला, तवा आईनं इचारलं, बोळकं कुठल्या हातात हुतं? मामा म्हणाला, उजव्या. आई म्हणाली, त्यांच्या उजव्या हाताला अंगठाच न्हाई, ते बोळकं धरतील कशानं? आज्जा म्हणाला, तू नवऱ्याचीच बाजू घेणार. तिचं कोण ऐकतंय? ती म्हणायची, त्या कोटात जो हुता तो येईल अन् सांगंल. लई वर्सं म्हणायची. दारात कुणी परका मानूस आला की आधी ती उठायची."

मला मेहुण्याचा तो हात आठवला. त्यानं आमच्या सगळ्यांसमोर बोळकं उचलून दाखवलं होतं. उजव्या हातानं. पंधरा माणसांनी तो हात पाहिला होता, आणि पाहिला होता फक्त कोट. मी तर रोज त्या दोस्ताला डाव्या हातानं चहा पिताना बघत होतो. आणि वळसंग काही लांब नव्हतं. कुठल्याही रविवारी, कुठल्याही वर्षी, मी जाऊन त्या दारात उभा राहिलो असतो तरी पुरलं असतं. आत एक बाई उठून तयारच होती.

मग तिनं विचारलं, "त्या संक्रांतीला मी वट्यावर बसून हुते. आई म्हणाली हुती, बाबा काय तरी धाडतील. ते परकर-पोलकं... कुठल्या रंगाचं हुतं?"

मी तोंड उघडलं आणि मला कळलं की मला सांगता येणार नाही. मी ते पुडकं उघडून बघितलंच नव्हतं. ते सुतळीनं बांधलेलं होतं, आणि सुतळीची गाठ वाकडी आणि चपटी होती, दातानं ओढलेली. तेवढंच मी तिला सांगू शकलो.